संकष्टीचं विमान

॥ श्री गजानन ॥

श्रूजबरी, १९ जानेवारी २०२६

चि. सौ. वीणास,

तुझं खोकं शनिवारी दुपारी पोचलं. आत निघालेल्या वस्तू अशा: तांब्याचं पळी-पंचपात्र आणि ताम्हन, रेशीमकाठी पंचा एक, थालीपिठाच्या भाजणीच्या पिशव्या दोन, मेतकुटाची डबी एक. शिवाय आतलं सामान हलू नये म्हणून कोंबलेली तुमच्या टेक्ससची वर्तमानपत्रं. त्यातली अर्धी मी सपाट करून कपाटात अंथरली. खोक्यावर टपालखर्च तेवीस डॉलर दहा सेंट. भाजणीला इथल्या दुकानाचा भाव लावला तर नऊ डॉलर होतात. नऊ डॉलरच्या भाजणीला तेवीस डॉलरचं वाहन! देवाच्या वस्तूंची किंमत लावू नये म्हणून पुढे बेरीज केली नाही.

पत्र मात्र नव्हतं. वर्तमानपत्रं दोनदा झटकून पाहिली. एक चिठ्ठी तेवढी निघाली, 'चि. वेद यास मुंजीनिमित्त आशीर्वाद.' वेदच्या आजीला एक अक्षर नाही.

नातवाची मुंज ठरत्येय हे तुला प्रसादकडून कळलं असणार. तो आणि तू अधूनमधून बोलता हे मला ठाऊक आहे. मी स्वयंपाकघरात असले की तो फोन घेऊन गॅरेजमध्ये जातो आणि येताना उगीच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन येतो. हे आणि गुरुदत्तभाऊजी तर दर रविवारी तासभर क्रिकेट बोलतात. भाऊ भाऊ मजेत आहेत. अबोला आपल्या दोघी जावांचा, आणि तो आता चौदा वर्षांचा झाला.

मी मॅट्रिकच शिकले, पण घरच्या रीती मला कळतात. कार्याच्या आधी आहेर टपालाने आला, म्हणजे माणूस यायचं नाही. म्हणून पळी-पंचपात्र आणि पंचा पुन्हा तुझ्याच कागदात गुंडाळून ठेवलाय. आहेर कार्याला येऊन हातात द्यायचा असतो. भाजणीचं तसं करता आलं नाही. तिची थालीपिठं झाली, आणि वेदने एका बैठकीला चार खाल्ली. "आजी, धिस इज द बेस्ट पॅनकेक," म्हणाला. मी लोणी वाढलं.

मुंज वैशाखात आहे. यंदा ज्येष्ठ अधिक आलाय, त्यामुळे पुढे ढकलता यायची नाही. तुम्ही दोघांनी यायचंय. फोन तू उचलत नाहीस म्हणून हे लिहिणं.

मालिनीचे आशीर्वाद


श्रूजबरी, ८ फेब्रुवारी २०२६

चि. वीणा,

कार्ड मिळालं. दोन ओळी आहेत, तरी इथे उतरवून ठेवते, म्हणजे आपण काय लिहिलं होतं ते तुला विसरता यायचं नाही. 'वहिनी, आमंत्रणाबद्दल आभार. आमची विमानं वेळेवर पोचत नाहीत, हे आपणांस ठाऊक आहेच.'

आपणांस! वाचून आधी हसू आलं. हसून झाल्यावर राग आला, तो दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी चतकोर भाकरी जास्त खाल्ली आणि लिहायला बसले.

मिरजेच्या कार्यालयात प्रसादच्या लग्नाचा मुहूर्त अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांचा होता. तुमचं विमान आदल्या रात्री मुंबईला पोचायचं, ते सकाळी पोचलं, आणि पुढे मिरजेपर्यंत गाडीचा रस्ता. तू कार्यालयाच्या पायऱ्या चढलीस तेव्हा पहिली पंगत उठत होती. पर्समध्ये तू मोत्यांच्या मुंडावळ्या करून आणल्या होत्यास. प्रसाद तीन वर्षांचा असताना माझी पाठ धरली. पुढली दोन वर्षं त्याला जेवू घालणं, निजवणं, बालवाडीत पोचवणं तूच केलंस, म्हणून त्याला मुंडावळ्या तू बांधायच्या हे कधीचं ठरलेलं होतं. यातलं मी काहीही विसरलेले नाही.

पण मुहूर्त म्हणजे मुहूर्त. दोनशे माणसं हातात अक्षता घेऊन उभी होती आणि गुरुजी घड्याळ बघत होते. तो टळू देणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी मी टळू दिला नसता. आजही तेच म्हणेन. हवं तर हे पत्र जपून ठेव.

आता कामाचं. दोन ओळींच्या कार्डाने हा विषय मिटणार नाही, म्हणून मी स्वतः अक्षत द्यायला येत्येय. हे मी जेवताना सांगितलं आणि सगळ्यांचे घास थांबले.

सूनबाई चैत्राली म्हणाली, "आई, आपण इ-इन्व्हाइट करतोय ना? एका क्लिकमध्ये सगळ्यांना जाईल."

मी म्हटलं, "बाई, क्लिकला हळदकुंकू कुठे लावू?"

प्रसाद म्हणाला, "आई, बोस्टन ते डॅलस साडेपंधराशे मैल आहे. मिरज-सांगली नव्हे. आणि तू एकटी?"

"मिरजेहून इथे आले ती काय चालत?"

"तेव्हा बाबा बरोबर होते."

यावर हे म्हणाले, "मी होतो खरा, पण झोपलेला होतो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माणूस माझ्या बाजूने बोलला तो पहिल्यांदाच.

वेदने नकाशा काढून दाखवला. जायला विमानाला सव्वाचार तासांच्या वर लागतात आणि यायला त्याहून पाऊण तास कमी. रस्ता तोच आणि मैल तेवढेच, मग वेळ कमी-जास्त कसा? तो म्हणाला, "विंड, आजी. जाताना तो समोरून पुश करतो." म्हणजे तुझ्याकडे येताना वारासुद्धा आडवा येतो. मला नवल वाटलं नाही.

तुझी
मालिनी


श्रूजबरी, २५ फेब्रुवारी २०२६

चि. वीणा,

तिकीट काढलं. शुक्रवार, सहा मार्च. सगळ्यात स्वस्त तेच होतं, आणि का स्वस्त होतं ते मला मागाहून कळलं. त्या दिवशी संकष्टी आहे. अमेरिकेतल्या विमान कंपनीला ते माहीत असण्याचं कारण नाही, पण मला तरी वाटलं की गजाननानेच भाव पाडला.

बोस्टनहून संध्याकाळी पावणेसहाला निघून तुमच्याकडे नऊला पोचते. घड्याळावर सव्वातीन तासच दिसतात, कारण तुमचं घड्याळ आमच्यामागे एक तास आहे. जाताना एक तास फुकट मिळणार म्हणून मी खूश होते. चैत्रालीने सांगितलं की येताना तो परत घेतात.

बॅगेचे पैसे वेगळे पडतात, म्हणून हातातली पिशवी तेवढी आणते. त्यात दोन लुगडी, जपाची माळ, अक्षता, कुंकवाचा करंडा आणि उपास सोडायचा डबा. तू विमानतळावर येऊ नकोस, प्रथमेशला पाठव. तुझ्या मुलाला मी मोठेपणी पाहिलेलं नाही, तेव्हा त्याने हातात पाटी धरावी. येऊ नका असं तुझं उत्तर आलं, तरी तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे लक्षात ठेवून काय ते लिही.

तुझी
मालिनी


श्रूजबरी, १५ मार्च २०२६

चि. वीणा आणि गुरुदत्तभाऊजी यांस,

सोमवारी सुखरूप पोचले. येताना वाऱ्याने खरंच मागून ढकललं, अर्धा तास आधी उतरलो.

निघताना तू म्हणालीस, "वहिनी, विमानात काय झालं ते सगळं लिहून पाठवा. हे पार्सिपनीहून आले की मी सांगेन, पण ते म्हणतील मी मीठमसाला लावला." म्हणून भाऊजी, हे तुमच्यासाठी. मित्राच्या एकसष्टीला पार्सिपनीला गेलात आणि घरचा तमाशा चुकवलात.

त्या शुक्रवारी आमच्या देवळाच्या कॅलेंडरात श्रूजबरीचा चंद्रोदय पावणेनऊचा होता. माझं मनगटी घड्याळ बोस्टनच्याच वेळेवर. पावणेनऊ झाले तशी मी हात पुसून, डबा मांडीवर घेऊन बसले. खिडकीत अंधार. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, तरी चंद्राचा पत्ता नाही. पोटात सकाळच्या चार चमचे साबुदाण्याशिवाय काही नव्हतं. मग डोक्यात प्रकाश पडला. चंद्र मागून येणार, आणि आमचं विमान त्याच्यापासून पुढे पुढे पळतंय! चोरासारखं पळालं तर तो गाठणार कधी आणि मी जेवणार कधी?

म्हणून मी मान वळवून मागे बघत बसले. शेजारी फोर्ट वर्थच्या एक गोऱ्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांना वाटलं माझी मान धरली.

"आर यू ओके, हनी?"

मी म्हटलं, "मून. होल डे नो फूड. मून कम, आय ईट."

बाई शहाण्या. एक शब्द न विचारता त्यांनी डोक्यावरचा दिवा मालवला आणि माझ्याबरोबर त्याही खिडकीला नाक लावून बसल्या. पाहिला त्यांनीच आधी. माझा दंड असा दाबला की बांगडी रुतली. "देअर! देअर ही इज!" पंखाच्या मागे, खाली, जिथे जमीन असते त्याच्याही खाली, तांबडा लालबुंद चंद्र. चंद्राकडे वरून बघायचं हे मी जन्मात पहिल्यांदा केलं. मला नमस्कार करायचंही सुचेना.

मग भानावर आले. प्लॅस्टिकच्या पेल्यातलं पाणी ओंजळीत घेऊन रिकाम्या पेल्यात अर्घ्य सोडलं, अथर्वशीर्ष मनातल्या मनात म्हटलं आणि दशमी-बटाट्याची भाजी खाऊन उपास सोडला. तळणीचे मोदक दोन होते. एक बाईंना दिला. त्या म्हणाल्या, "ओ माय गॉड!" मी म्हटलं, "येस, हिज फेवरिट."

इथवर सगळं शास्त्राला धरून झालं. मी तृप्त होऊन डबा पुसला आणि विमान खाली उतरायला लागलं. उतरताना पुन्हा खिडकीत पाहिलं तर चंद्र नाही. म्हटलं ढग आला असेल.

पुढलं वीणाला ठाऊक आहे, पण भाऊजी, ती तिची बाजू तेवढी सांगेल.

बाहेर आले तर पाटी घेऊन प्रथमेश उभा होता, आणि त्याच्या मागे, खांबाला टेकून, निळा स्वेटर घातलेली एक बाई. केस सगळे पांढरे. मी ओळखलं नाही. आधी पिशवी ओळखली. कापडी, बंदांची, आपल्या मिरजेच्या घरात भाजीला असायची तसली. मग माणूस ओळखलं. चौदा वर्षांनी काय बोलायचं ते मी विमानात तीनदा जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य वेळेला सापडलं नाही. वीणाच बोलली, तेही घाईने, माझ्या हातातली पिशवी ओढत.

"चला वहिनी, लवकर. चंद्र आता उगवेल. पार्किंगच्या गच्चीवरून चांगला दिसतो. तुमचं सगळं आणलंय, वरणभात गरम आहे. दिवसभर उपाशी असाल."

आणि माझ्या तोंडून गेलं, "मी सोडला."

"काय सोडलं?"

"उपास. चंद्र बघून."

ती थांबलीच. "कुठला चंद्र?"

"कुठला म्हणजे? आपलाच."

"वहिनी, चंद्र उगवायचाय अजून!"

"उगवला की! मी या डोळ्यांनी पाहिला. साक्षीला फोर्ट वर्थच्या बाई आहेत."

लिफ्टने गच्चीवर गेलो. वारा सोसाट्याचा. पूर्वेला सगळं मोकळं, दूरवर रस्त्याचे दिवे, आणि आकाश स्वच्छ, चांदण्या दिसत होत्या. चंद्र नव्हता. मी डोळे चोळले, चष्मा पुसला. जो चंद्र मी पाहिला, ज्याला पाणी दिलं, ज्याच्या नावाने दोन दशम्या खाल्ल्या, तो आकाशात नव्हताच.

प्रथमेश म्हणाला, "काकू, टेक्निकली तुम्ही दोघीही राइट आहात. इतक्या उंचावरून होरायझन खाली जातो, म्हणून तुम्हाला तो आधी दिसला. खाली आल्यावर तो परत–"

"तू गप्प बस," वीणा म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला ती नवी नवरी असतानाची आठवली. मी आंबट वरण केलं की तेव्हा अशीच बघायची.

"म्हणजे वहिनी, तुमचा चंद्र उगवला होता आणि आमचा नव्हता."

"तसंच दिसतंय."

"वेळ काय ती, माणूस कुठे बसलंय त्यावर असते."

"असेल."

"असेल नव्हे, आहे! चौदा वर्षांपूर्वी हे मिरजेच्या गुरुजींना कुणी सांगितलं नाही ते! मालिनीवहिनींनी, संकष्टीला, चंद्रोदयाच्या आधी, दशमी खाल्ली! मुहूर्त चुकवला हो वहिनींनी, मुहूर्त चुकवला!"

ती हे अख्ख्या गच्चीला ऐकू जाईल असं ओरडली. एक शीख कुटुंब गाडीत सामान भरत होतं, ते बघायला लागलं. मला काहीतरी खणखणीत उत्तर द्यायचं होतं. पण तिचा चेहरा पाहिला आणि मला हसू फुटलं. मग तिलाही. दोघी गाडीच्या बॉनेटवर हात टेकून हसत होतो, की रडत होतो, ते प्रथमेशला विचारा. तो म्हणत होता, "आई, हे अवर्ली पार्किंग आहे."

आणि तेवढ्यात तो वर आला. तोच, तांबडा, दिव्यांच्या रांगेमागून, अगदी सावकाश. या खेपेला जमिनीच्या वर, जिथे असायला हवा तिथे. वीणाने तांब्या काढला. दोघींनी अर्घ्य दिलं. मी दुसऱ्यांदा. मग गाडीच्या मागच्या बाजूला बसून वरणभात खाल्ला, तोही मी दुसऱ्यांदाच, आणि संकोच न करता.

एका संकष्टीचे दोन चंद्रोदय झाले. पुण्य दुप्पट जमा धरायचं की उपास मोडला म्हणून वजा, ते आमच्या देवळातल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "काकू, विमानातल्या चंद्राबद्दल मला कुणी शिकवलेलं नाही. मनापासून पाहिलात ना? मग तो चंद्रच." मी जमेकडे धरलं.

इथवर भाऊजींसाठी. पुढचं, वीणा, तुझ्याशी.

शनिवारी सकाळी मी तुला कुंकू लावलं, अक्षत हातात दिली. तू ती पदरात घेतलीस, देवापुढे ठेवलीस. मग विचारलंस, "मुहूर्त कितीचा?" मी म्हटलं, "दहा बेचाळीसचा." तू "बघू" म्हणालीस आणि ओट्याशी गेलीस. तीन दिवसांत आपण किती बोललो! सासूबाईंच्या खोडी काढल्या, तुझं भजनी मंडळ पाहिलं, अर्विंगच्या त्या दुकानात कढीपत्त्याच्या भावावरून मी भांडले आणि तू मला ओळख न दाखवता पुढे निघून गेलीस. रविवारी उठलो तर इथल्या रिवाजाप्रमाणे रातोरात घड्याळं एक तास पुढे गेलेली. तू म्हणालीस, "बघा वहिनी, इथे सरकारसुद्धा वेळ सरकवतं." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. पण मुंजीचं 'बघू' ते बघूच राहिलं. विमानतळावर निरोप देतानासुद्धा तू 'येते' म्हणाली नाहीस. मीही विचारलं नाही. नाही म्हणालीस तर, अशी भीती होती.

त्या भीतीने परतीच्या विमानात मला डोळा लागला नाही. साडेपंधराशे मैल मी आले ते हे एक उत्तर न्यायला, आणि पिशवीत ते सोडून सगळं होतं.

म्हणून काल देवळात जाऊन गुरुजींना सांगितलं, तो दहा बेचाळीसचा मुहूर्त खोडा. ते चकित झाले. वैशाखात तीन दिवस चांगले आहेत. तीनही मी लिहून घेतले आणि सोबत कागद जोडलाय. तुमच्या दोघांच्या सोयीचा त्यातला जो असेल त्याच्या आधीच्या आठवड्याचं तिकीट काढा. तुमचं विमान ठरलं की मुहूर्त ठरेल. पत्रिका छापायला दिलेली नाही.

गुरुजी म्हणाले, "काकू, आणि ऐन वेळी विमान लेट झालं तर?"

मी म्हटलं, "तर अंतरपाट धरून ठेवायचा. तुम्हाला येतात तेवढी सगळी मंगलाष्टकं म्हणा. ती संपली की मी म्हणते. मला पुष्कळ येतात."

घरी येऊन हे प्रसादच्या बाबांना सांगितलं आणि त्यांचा चहा गार झाला.

तेव्हा वीणा, तीन तारखांपैकी कोणती, ते उलट टपाली कळव. फोन केलास तरी चालेल, पण लिहून आलं की मला पुन्हा पुन्हा वाचता येतं.

तुझी
मालिनीवहिनी